अज्जीला अक्षर येत नसलं तरी

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, कन्नड हा विषय, घरी मराठी. तिन्हीकडे अडखळतो. पुस्तक दिसलं की पळतो, मोबाईल मात्र सुटत नाही. मालक बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत पाळीवर, मी शिवणकाम करते. संध्याकाळी घरात सासूबाई असतात, पण त्यांना वाचता येत नाही. आधी कोणत्या भाषेचं पुस्तक आणू?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पोरगं ज्या भाषेत रुसतं, त्या भाषेचं आणा. म्हणजे मराठीच. मराठी वाचल्यानं कन्नड मागं पडेल ही भीती आमच्या सीमाभागात फार ऐकू येते, आणि ती खोटी आहे. गोष्ट एकदा मनात बसली की तीच कन्नडमध्ये वाचताना पुढं काय होणार ते ठाऊक असतं, अक्षरं तेवढी लावायची उरतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर 2015 पासून चित्रांच्या गोष्टी फुकट आहेत. तिथं बऱ्याचदा एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि कन्नडमध्येही. मोबाईल सुटत नाही ना? मग त्यावरच उघडा, फक्त फोन तुमच्या हातात असू दे.

आता सासूबाई. त्यांना तुम्ही हिशेबातून वगळलंत, आणि माझ्या मते तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडवल त्याच आहेत. आमच्या वाचनालयाच्या बालविभागात एक अज्जी नातीला घेऊन यायच्या, निरक्षर. चित्र बघून मनानंच गोष्ट सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "आणि मग धो धो पाऊस आला." नात उसळली, "पाऊस नाही गं अज्जी! हत्तीनं पाणी उडवलंय, हे बघ इथं लिहिलंय!" आणि बोट ठेवून तिनं अख्खी ओळ वाचून दाखवली. बाईंनी सांगून जी वाचली नसती, ती अज्जीची चूक काढायला वाचली. सासूबाईंना एवढंच सांगा, की चुकायला लाजू नका.

वाचनालयात त्यालाही घेऊन या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. अवघड आहे का, हे असं बघा : एक पान वाचायला लावा, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचं. पाचही उघडली तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं. परत ठेवायला लावू नका, आवडलेलं आहे ते.

फाटेल म्हणून पुस्तक कपाटात ठेवणारी घरं मी पुष्कळ बघते. फाटू दे. सेलोटेप तेवढी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खराब करते. सुटलं पान तसंच घेऊन या, खळ आणि पातळ कागद काउंटरवर असतो, चिकटवायचं काम पोरालाच देऊ.

शहरात येणं जमत नसेल तर ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात चौकशी करा. 2020 साली सुरू झालेल्या कर्नाटक सरकारच्या 'ओदुव बेळकु' (वाचनाचा उजेड) योजनेत 6 ते 18 वयाच्या मुलांना तिथं मोफत सभासद करून घेतात. पुस्तकं बहुतेक कन्नड असतील. असू देत, चित्रं अज्जींना चालतील. मराठी पुस्तकांची मागणी मात्र लेखी द्या. तोंडी सांगितलेलं नवीन खरेदीच्या वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि वाचून झाल्यावर "काय शिकलास?" हे विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर "तो हत्ती आपल्या गल्लीत आला तर?" असं काहीतरी विचारा.

प्रश्न : आमची मुलगी दर आठवड्याला तेच पुस्तक घरी आणते. बदलायला लावू का?
— एक वडील, निपाणी

उत्तर : नको. पाठ झालेल्या ओळींवरूनही मुलं अक्षरं ओळखायला लागतात. दुसऱ्या कुणी मागितलं तर ग्रंथपालबाई तिला सांगतीलच. त्या आठवड्यापुरतं त्याच चित्रकाराचं दुसरं काढून द्यायला त्यांना सांगा, लेखकाचं नव्हे. या वयात ओळख चित्रांशी असते.