साहेबांना नाही कसं म्हणू?

"निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी जुन्या साहेबांचा फोन आला की हे उभे राहून बोलतात." इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू नवऱ्याला घेऊन आल्या, तेव्हाचं हे पहिलं वाक्य. मी समुपदेशक, निवृत्तांची ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. बँकेतले, वीज मंडळातले, शाळेतले. काकांची नोकरी मात्र गुप्तवार्तेच्या खात्यात गेलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काका दाराकडे तोंड करून बसले. म्हणाले, "मला काही सांगता येणार नाही."

खरंच होतं ते. १९२३चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. २०२१पासून तर अशा खात्यांतल्या पेन्शनरांना आपल्या कामाविषयी काही छापायचं झालं तरी आधी परवानगी लागते. मी म्हटलं, "काका, गुपित तुमच्यापाशीच राहू द्या. फोन ठेवल्यावर अंगात काय होतं, तेवढं सांगा."

बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं. हात गार पडतात. रात्री दोनला उठून दाराच्या कड्या तपासतात. नातवाला रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेलं, तर खाण्याआधी बाहेर पडायच्या गल्ल्या मोजतात. गेल्या वर्षी "एकदाच या" म्हणून बोलावलं, तेव्हा मनाविरुद्ध गेले होते. आता पुन्हा बोलावणं. एक जुना खबऱ्या यांच्याशिवाय कुणाशी बोलायलाच तयार नाही.

मी इतका वेळ साहेबांची भीती शोधत होते. काका म्हणाले, "साहेबांचं काय घेऊन बसलात? त्या माणसाला मी शब्द दिला होता." आणि डोळे पुसले. खबऱ्या खात्यावर विसंबत नाही, समोर बसणाऱ्या माणसावर विसंबतो. ते ओझं निरोप समारंभाच्या शालीबरोबर उतरत नाही. अशा माणसाला "सोडून द्या आता, आराम करा" म्हणणं मला क्रूर वाटतं.

आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गुपित राखणं जन्मभराचं. पुन्हा कामावर जाणं संमतीचं. फोनवर तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही, "उद्या कळवतो" एवढंच. हे दोन शब्द त्यांनी माझ्यासमोर कितीदा तरी म्हटले. सुरुवातीला म्हणता म्हणता खुर्चीतून उठायचे. दिलेल्या शब्दाचा मार्ग त्यांनीच काढला. एकदा खात्यात जाऊन, तिथेच बसून, त्या माणसाशी कसं वागायचं ते नव्या अधिकाऱ्याला लिहून दिलं. त्यात काय होतं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या फोनला ते "नाही" म्हणाले. बसून.

झोप अजून नीट नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंधनकारक आहे, हे कळल्यावरच तयार झाले.

दर भेटीत एकदा विचारतात, "त्याचं काय झालं असेल हो?" ते मला ठाऊक नसतं, त्यांनाही आता कुणी कळवणार नाही. या प्रश्नासाठी आम्ही शेवटची दहा मिनिटं राखून ठेवली आहेत. तेवढ्यापुरत्या काकूही आत येऊन बसतात.