गुन्हेगारी रोखणाऱ्या उपक्रमांचं मूल्यमापन : यात नोकरी आहे का?

प्रश्न : मुलगी सोलापुरात बीएसडब्ल्यूच्या (समाजकार्य पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. गुन्हेगारी कमी करण्यासाठी वस्त्यांवर चालणाऱ्या उपक्रमांचा खरंच उपयोग होतो का, हे तपासण्याचं काम तिला करायचंय. आमचा आग्रह एमपीएससीचा. यात पोट भरेल का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : भरेल, पण सुरुवातीला मुंबई-पुणे आणि भरपूर फिरती धरून चाला. जाहिरातीत ‘एम अँड ई ऑफिसर’ (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, म्हणजे देखरेख आणि मूल्यमापन), ‘रिसर्च असोसिएट’ ही पदं शोधा. नेमणूक बहुधा प्रकल्पापुरती, करारावर असते. एमपीएससीचा फॉर्म भरायला हरकत नाही, फक्त त्यापायी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पुढची पदवी, लांबवू नका.

तिचा कल घरीच तपासा. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये हातभट्टीवाल्यांना दुसऱ्या धंद्याकडे वळवण्यासाठी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. असा उपक्रम यशस्वी झाला हे कशावरून ठरवशील, असं तिला विचारा. ‘दारूबंदीच्या केसेस घटल्या’ हे उत्तर कच्चं. ही केस बहुतेकदा छापा पडल्यावरच दाखल होते. छापे थांबले की केसेस घटतात, भट्टी मात्र चालूच. त्यापेक्षा घरात पैसा कुठून येतो, नवा धंदा वर्षभराने टिकलाय का, हे विचारायचं. आणि तेच प्रश्न उपक्रम न पोहोचलेल्या तांड्यावरही. ती तुलना नसेल तर अहवाल म्हणजे नुसती जाहिरात.

खरी दमछाक पाठपुराव्यात होते. जानेवारीत जावं तर घराला कुलूप, माणसं ऊसतोडीला. जे भेटले तेवढ्यांवरच निकाल काढला की तो हमखास फसतो. म्हणून मुकादमाचा आणि एखाद्या नातेवाइकाचा नंबर पहिल्याच भेटीत घ्यायचा. जो सापडला नाही त्याच्यापुढे ‘माहिती नाही’ लिहायचं, ‘सुधारला’ नाही.

संख्याशास्त्राला पर्याय नाही. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 20 वर आलं, हे खात्रीने सांगायला उपक्रमातल्या आणि उपक्रमाबाहेरच्या अशा दोन्ही गटांत प्रत्येकी जवळपास 300 माणसं लागतात. वीस-पंचवीस जणांच्या पाहणीवरून टाळ्या घेणारे पुष्कळ आहेत. नीट तपासलं की निकाल उलटाही निघतो. तुरुंग दाखवून मुलांना धाक घालण्याचे अमेरिकेतले प्रयोग असे तपासले, तेव्हा ती मुलं इतरांपेक्षा गुन्ह्याकडे जास्तच वळल्याचं दिसलं.

पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये गुन्हेगारी आणि न्याय या विषयाचं समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. तोवर एक्सेल पक्कं करून ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिकायला घ्यावी. यंदाच्या प्रकल्पासाठी बालसुधारगृह मात्र नको. बालन्याय कायदा, 2015 नुसार मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि परवानग्यांतच वर्ष सरेल.