बेटावरचे मांजर आणि बिळातला पक्षी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकातील समुद्रपक्ष्यांवरील लेखात, काही बेटांवरून मांजरे पूर्णपणे हटवावी लागली, असे एक वाक्य ओझरते येऊन गेले होते. उरलेल्या सगळ्या लेखावर मिळून जेवढी पत्रे आली, त्यापेक्षा अधिक पत्रे या एका वाक्यावर आली. काहींत शंका आहेत, तर काहींत उघड राग आहे. ज्याच्या मांडीवर मांजर झोपते त्याला असे वाक्य खटकणारच. त्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मांजर माणसाबरोबर जवळजवळ सगळीकडे पोहोचले आहे आणि बहुतेक ठिकाणी पक्षीही टिकून आहेत. मग बेटांवरच ते एवढे घातक कसे ठरते?

उत्तर : खंडांवरील पक्ष्यांच्या असंख्य पिढ्या जमिनीवरून दबकत येणाऱ्या शिकारी सस्तन प्राण्यांच्या सहवासात घडल्या, घरटे उंच बांधणे, चाहूल लागताच उडणे, अंडी गेली तर पुन्हा घालणे हे सारे त्या सहवासातूनच आले. दूरच्या सागरी बेटांवर असे प्राणी मुळात पोहोचलेच नाहीत. तेथे शत्रू येत असे तो आकाशातून, आणि आकाशातल्या शत्रूपुढे निश्चल बसून राहणे हा उत्तम बचाव असतो. न्यूझीलंडचा काकापो हा उडू न शकणारा पोपट आजही धोका जाणवला की तसाच थिजून उभा राहतो. त्याच्या अंगाला दाट, गोडसर वास असतो. कान टवकारून आणि वास काढत येणाऱ्या मांजरापुढे तो अगदी निराधार ठरतो. स्टुअर्ट बेटावरील काकापो मांजरांना बळी पडू लागले, तेव्हा उरलेले पक्षी शोधून मांजरे नसलेल्या बेटांवर हलवावे लागले. १९९५ मध्ये जगात केवळ ५१ काकापो उरले होते.

पेट्रेल आणि शीअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची अडचण आणखी वेगळी आहे. हे पक्षी जमिनीतील बिळात वर्षाला एकच अंडे घालतात आणि वयाची काही वर्षे उलटल्याशिवाय वीण सुरूच करत नाहीत. हवेत ते कमालीचे चपळ असतात, पण रात्री बिळापाशी उतरल्यावर त्यांची चाल अडखळती असते. अशा पक्ष्याची संख्या टिकते ती प्रौढ पक्षी दीर्घकाळ जगतात म्हणून. मांजराने एक प्रौढ पक्षी मारला की त्या हंगामातले पिल्लूही बहुधा गेले आणि पुढच्या कित्येक वर्षांची वीणही बुडाली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मात्र पत्रांत कोणीच मांडलेला नाही. भक्ष्य घटले की शिकारी घटतो आणि भक्ष्याला सावरायला उसंत मिळते, असे आपण गृहीत धरतो. अनेक बेटांवर तसे होत नाही, कारण तेथे माणसाने सशांना किंवा उंदरांनाही आणून सोडलेले असते. पक्षी समुद्रावर निघून गेले की मांजरे सशांवर गुजराण करतात, आणि वीण करायला पक्षी परतले की त्यांची गाठ पूर्ण संख्येने टिकून असलेल्या मांजरांशी पडते. त्यामुळे शेवटची काही घरटी उरली तरी त्यांच्यावरील दाब कमी होत नाही. त्यात गोडे पाणी नसले तरी मांजराचे फारसे अडत नाही. भक्ष्याच्या शरीरातील ओलाव्यावर ते बरेचसे भागवू शकते.

दक्षिण हिंद महासागरातील मॅरियन बेटाचे आकडे या बाबतीत बोलके आहेत. १९४९ मध्ये तेथील हवामान केंद्रावर उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाच मांजरे नेण्यात आली. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली होती आणि ती वर्षाला साडेचार लाखांहून अधिक पक्षी मारत असल्याचा अंदाज होता. जगभरच्या बेटांचा आढावा घेणाऱ्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पक्षी, सस्तन आणि सरपटणारे प्राणी यांच्या नोंदल्या गेलेल्या एकूण विलोपांपैकी किमान १४ टक्के विलोपांत बेटांवरील रानटी मांजरांचा हात होता.

प्रश्न : एका दीपगृहरक्षकाच्या एकाच मांजरीने पक्ष्याची एक संपूर्ण जात संपवली, ही गोष्ट खरी की दंतकथा?

उत्तर : अर्धी खरी. न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचे जेमतेम दीड चौरस किलोमीटरचे बेट आहे. १८९४ मध्ये तेथील दीपगृह सुरू झाले आणि त्याच सुमारास मांजरेही बेटावर आली. डेव्हिड लायल या साहाय्यक दीपगृहरक्षकाच्या हाती मांजराने मारलेले काही चिमुकले पक्षी लागले; आज त्यांना ‘स्टीफन्स बेटावरचा रेन’ म्हणतात. ते निराळे आहेत हे ओळखून त्याने ते जपून ठेवले आणि पुढे ते संग्राहकांकडे गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस वॉल्टर रॉथशिल्ड यांनी लायलच्या नावावरून या जातीचे शास्त्रीय नामकरण केले. हा पक्षी उडू शकत नव्हता, आणि चिमण्यांच्या गणातले उडण्याची शक्ती गमावलेले पक्षी जगात अगदी मोजके झाले आहेत. १८९५ मध्ये तो बेटावर उरला नसावा असे छापूनही आले. म्हणजे विज्ञानाला ज्ञात होणे आणि संपणे यांत वर्षभराचेच अंतर राहिले.

‘टिबल्स’ नावाच्या एकाच मांजरीने हे केले, हा भाग मात्र कथेला गोलाई यावी म्हणून चिकटलेला दिसतो. जुनी पत्रे आणि नोंदी पुन्हा तपासून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की तेथे आलेल्या मांजरांची संख्या झपाट्याने वाढली होती आणि पक्षी संपला तो त्या सगळ्यांमुळे. १८९९ पर्यंत एका दीपगृहरक्षकाने शंभरावर मांजरे मारली होती. तरी बेट मांजरमुक्त व्हायला १९२५ साल उजाडले. शिवाय हा पक्षी मुळात त्या एकाच बेटाचा नव्हता. न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर त्याचे जुने अवशेष सापडले आहेत. तेथून तो माणसांबरोबर आलेल्या उंदरांमुळे आधीच नाहीसा झाला असावा, असे मानले जाते. मांजरांच्या वाट्याला आला तो शेवटचा घास. एका नावाच्या मांजरीवर खापर फोडले की माणसाचे नाव आपोआप गळून पडते, म्हणून या कथेविषयी मी जरा सावध असतो.

प्रश्न : मारण्याऐवजी नसबंदी करून मांजरे पुन्हा सोडून देणे हा मार्ग का चालत नाही?

उत्तर : नसबंदीने वीण थांबते, शिकार थांबत नाही. सोडून दिलेले मांजर पुढे कित्येक वर्षे जगू शकते, आणि जेथे पक्ष्यांच्या मोजक्याच जोड्या उरल्या आहेत तेथे तेवढी वर्षे पुरेशी असतात. डोंगराळ, निर्मनुष्य बेटावर जवळजवळ प्रत्येक मांजर पकडता आले तरच या पद्धतीचा उपयोग. आणि प्रत्येक मांजर पकडता येत असेल, तर त्याला पुन्हा तेथेच सोडण्याचे कारण उरत नाही.

पकडलेले मांजर मारलेच पाहिजे, असे मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सॅन निकोलस बेटावरील साठच्या आसपास मांजरे २००९-१० मध्ये पिंजऱ्यांत जिवंत धरून मुख्य भूमीवरील आश्रयस्थानात नेण्यात आली. जपानच्या ओगासावारा बेटांवर तर पकडलेली रानटी मांजरे सुमारे एक हजार किलोमीटर दूर असलेल्या टोकियोला बोटीने पाठवली जातात, पशुवैद्य त्यांना माणसाळवतात आणि मग त्यांना घरे मिळतात. त्यानंतर तेथील अतिदुर्मीळ लाल डोक्याच्या रानकबुतराची संख्या सावरू लागली. हे दोन्ही प्रयोग मला मनापासून आवडतात, परंतु त्यांच्यामागे वाहतुकीची सोय, आश्रयस्थाने आणि भरपूर मनुष्यबळ होते. मॅरियनवर हजारो मांजरे होती आणि तेथे मांजरांचा रोग पसरवणे, रात्रीची शिकार, सापळे व विषारी आमिष असे सगळे उपाय करूनही शेवटचे मांजर हटायला १९९१ उजाडले. ते काम क्रूर होते, यात वाद नाही. पण ते न करण्याची किंमतही दरवर्षी बिळांपाशी मोजली जात होती.

प्रश्न : मांजरे काढली की उंदीर माजणार नाहीत का?

उत्तर : माजू शकतात, आणि ही शंका अभ्यासकांनाही जड गेलेली आहे. न्यूझीलंडच्या लिटल बॅरियर बेटावर ‘कुकचा पेट्रेल’ या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ३२ टक्के वीण-प्रयत्नांना यश येत असे. १९८० मध्ये मांजरे संपली आणि हे प्रमाण वाढण्याऐवजी ९ टक्क्यांच्या आसपास घसरले, कारण मांजरांच्या धाकात असलेल्या उंदरांना रान मोकळे झाले. २००४ मध्ये उंदीरही हटवल्यावर ते ५९ टक्क्यांच्या घरात पोहोचले. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर २००० मध्ये मांजरे संपल्यानंतर सशांनी वनस्पतींची धूळधाण केली. अखेर ससे आणि लहानमोठे उंदीर यांच्यासाठी वेगळी मोठी मोहीम घ्यावी लागली आणि २०१४ मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मॅरियनवर तर आता उंदीर अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांना जिवंतपणी कुरतडतात.

म्हणून मांजरे ठेवावीत, असा निष्कर्ष काहीजण काढतात. तो मला पटत नाही, कारण उंदीर प्रामुख्याने अंडी आणि पिल्ले खातात, तर मांजर वीण करणारा प्रौढ पक्षीच नेते, आणि त्या नुकसानीचा हिशेब वर सांगितलाच आहे. आणलेल्या सगळ्या प्राण्यांचा विचार एकत्र करावा, हे मात्र या अनुभवांवरून मान्य करावे लागते.

प्रश्न : मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधले तर?

उत्तर : ही युक्ती सर्वप्रथम उंदरांना सुचली होती आणि ती का फसली हे सर्वांना ठाऊक आहे. पाळीव मांजरापुरता तिचा परिणाम बेभरवशाचा असतो. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घुंगराने लक्षणीय फरक पडला नाही. भडक रंगाच्या कापडी गळपट्ट्याने घरी आणल्या जाणाऱ्या पक्ष्यांची संख्या ४२ टक्क्यांनी घटली, मांसाचे प्रमाण अधिक असलेल्या आहाराने एकूण भक्ष्य ३६ टक्क्यांनी, तर रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्याने २५ टक्क्यांनी कमी झाले. बिळाच्या तोंडाशी बसलेल्या पिल्लाला मात्र घुंगरू ऐकू आले तरी पळायला जागा नसते.

प्रश्न : वस्ती असलेल्या बेटांवर लोकांनी मांजर पाळूच नये का?

उत्तर : प्रत्येक बेटाने आपापला तोडगा काढला आहे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड होव बेटावर १९८२ पासून नवे मांजर आणण्यास बंदी आहे. तेव्हा घरांत असलेल्या मांजरांना आयुष्य पुरे करू दिले गेले. अटलांटिकमधील असेन्शन बेटावर पाळीव मांजरे ठेवून फक्त रानटी मांजरे हटवायचे ठरले. मोहीम यशस्वी झाली, २००६ मध्ये बेट रानटी मांजरांपासून मुक्त घोषित झाले, आणि शेजारच्या खडकावर कोंडून राहिलेले तेथील फ्रिगेट पक्षी २०१२ मध्ये मुख्य बेटावर पुन्हा घरटी करू लागले. परंतु त्या मोहिमेत ३८ टक्के पाळीव मांजरेही चुकून मारली गेली आणि रहिवासी साहजिकच संतापले. ज्यांना अशा बेटावर मांजर पाळायचे आहे, त्यांनी नोंदणी, नसबंदी आणि कातडीखालची ओळखचिप या गोष्टी मोहीम सुरू होण्यापूर्वीच करून घ्याव्यात आणि ती चालू असेपर्यंत मांजर दाराबाहेर सोडू नये.