महादेवाचं सोंग आणि झडतीतलं हसू

प्रिय राजा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी नंद्यांच्या पोळ्याला, तुला महादेव व्हायचंय. सर म्हणतात यंदा वेशभूषेत देवाधर्माची सोंगं नकोत, लोक हसतात, मग वाद होतो. त्यावर तुझा प्रश्न, "मग मोठ्या पोळ्याला तोरणाखाली आजोबा झडती म्हणून महादेवाले रडवतात, ते काहून चालते?" आणि मी राहते त्या आयर्लंडमध्ये हॅलोविनला लोक देव बनतात का, हेही विचारलंस.

आधी झडती, पोळ्याच्या तोरणाखाली मोठ्याने म्हणायच्या त्या यमकाच्या ओळी. खोबऱ्याच्या वाटीवरून सुरू होणारी ती जुनी झडती तुला पाठच आहे. त्यात महादेव दोन पैशांसाठी रडतो आणि पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी असतात. आता पोळा कधी येतो ते बघ. श्रावणाच्या अमावास्येला. बियाणं, खत, फवारणी, निंदण या सगळ्यांत पैसा जाऊन बसलेला असतो. सोयाबीन हिरवं, कापूस वेचायला अजून अवकाश, दसरा-दिवाळीपर्यंत हातात नगद येत नाही. दोन पैशांसाठी कोण रडतंय मग? झडती म्हणणारा आपलीच तंगी महादेवाच्या अंगावर चढवतो आणि देवाला आपल्या रांगेत आणून उभा करतो. ऐकणारे हसतात ते सावकारावर, बाजारभावावर, सरकारवर. महादेवावर कोणी हसत नाही. म्हणून शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" आलं की तेच लोक घसा फोडून साथ देतात.

ते नमन शोभेचं नाही, थट्टेचं कुंपण आहे. आपल्याकडच्या सगळ्याच खेळांना असं कुंपण असतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, तिथे दंडारीच्या नाचगाण्यात आधी गणपतीला नमन, मग बाकीचा धिंगाणा. खडी गंमत या तमाशासारख्या खेळातही आधी गण, मग गौळण, आणि गौळणीत खुद्द कृष्णाची टर उडते. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांत पार्वती सासरी कावलेली सून असते आणि शंकर नुसता भुलोबा. पण भुलाबाईची पूजा झाल्याशिवाय कोणी गाणं सुरू करत नाही, आणि खिरापत ओळखल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

तुला स्वतःची झडती रचायची असेल तर चार ते सहा ओळी पुरे. प्रत्येक ओळ एका दमात म्हणता आली पाहिजे, शेवटी यमक जुळलं पाहिजे. पहिल्या दोन ओळी घरातल्या किंवा वावरातल्या वस्तूच्या, मधे देव, शेवटच्या ओळीत टोला, मग नमन. टोला मोठ्यांना द्यायचा: बाजारभावाला, विमा कंपनीला, तासन्‌तास जाणाऱ्या लाइटीला. ज्याच्याशी धुऱ्यावरून भांडण चालू आहे त्याचं नाव घातलं, कोणाची जात काढली किंवा कोणाच्या लंगडेपणावर बोललं, की झडती पडते. ती पडली हे लगेच कळतं. "हर हर महादेव" अर्ध्याच तोंडांतून येतं, बाकीचे बैलांचे कासरे चाचपत बसतात.

म्हणजे देवाचं सोंग आणि देवाची थट्टा दोन्ही आपल्याकडे चालतात, पण आपल्या देवाची, आपल्या माणसांत आणि नमनाच्या कुंपणात. सरांचं म्हणणं मला इथे अर्धं पटतं. सोंगं सरसकट बंद करायला नकोत, पण काही सोंगं मुळीच घेऊ नयेत. मुसलमान पैगंबरांचं चित्रसुद्धा काढत नाहीत, मग वेश घ्यायचा प्रश्नच येत नाही. शीख त्यांच्या गुरूंची भूमिका माणसाने करणं मानत नाहीत. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीच ही रेघ ओढली आहे, आपण ती पुसायची नाही. बुद्ध आणि बाबासाहेब यांचा वेश बौद्ध घरातलं लेकरू १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी आदराने घेतं, छानच दिसतं. पण त्या वेशात विनोद करायचा नाही. तू तर नाहीच नाही. १९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी आपला धर्म सोडून दीक्षा का घेतली, ते आजोबांना विचार, म्हणजे आपल्या घरातल्या पोराच्या तोंडी तो विनोद काहून शोभत नाही ते समजेल.

संतांच्या सोंगात वेगळीच गडबड होते. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यामुळे आपल्याकडे दरवर्षी दोन-तीन पोट्टे तरी गाडगेबाबा होतात. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. आणि मग झोकांड्या खात चालतात, हात पसरून भीक मागतात, लोक खो खो हसतात. चूक तिथे होते. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. कीर्तनात ते वऱ्हाडीत प्रश्न विचारून लोकांना हसवायचे, पण देवापुढे बोकड कापणाऱ्याला आणि कर्ज काढून तेरवी घालणाऱ्याला स्वतःवर हसायला लावायचे. गाडगेबाबा व्हायचं असेल तर रांगेत उभं राहण्याआधी मंडपासमोरची जागा दहा मिनिटं खरोखर झाडायची. सोंग तेवढ्यानेच उभं राहतं, संवादही लागत नाही.

तुझा महादेव. चुलीतली राख अंगाला फासू नको. घामाने ओली झाली की तिच्यातला खार चरचरतो. मुलतानी माती ताकाइतकी पातळ कालव आणि हातापायांवर, छातीवर कापसाने लाव. गालांवर नको, बोललास की तडकते. तोंडाला साधी पावडर पुरे. हे सगळं निघायच्या अर्धा तास आधी, कारण पावसाची सर आली की सगळं वाहून जाईल. कंठ निळा करायला काही जण कपड्याची नीळ लावतात, ती धुतली तरी लवकर जात नाही आणि कातडीला खाज सुटते. गळ्याला निळ्या कापडाची चार बोटं रुंद पट्टी बांध, तिच्यावर नाग. नाग म्हणजे जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून शिवलेला. जटांसाठी अंबाडीचा किंवा तागाचा वाख घे, चहाच्या उकळत्या पाण्यात आजीकडून बुडवून घे आणि वाळव. श्रावणात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून आदल्या रात्री करायला बसू नको. वाख कापडी पट्टीला शिवायचा आणि पट्टी मागून बांधायची. हनुवटीखालून बांधली की बोलता येत नाही.

त्रिशूळ बांबूच्या साडेतीन फुटी काठीचा. पाती पुठ्ठ्याची, पण दुहेरी, आणि मधे बांबूची कामटी. एकेरी पुठ्ठा दमट हवेत मान टाकतो. पत्र्याची पाती अजिबात नको, गर्दीत लहान पोरांचे डोळे त्याच उंचीवर असतात. तिसऱ्या डोळ्याला कुंकू लावलंस तर ते घामाबरोबर खऱ्या डोळ्यांत उतरेल. मोठ्या लाल टिकलीवर बारीक काळी टिकली चिकटव.

हसवायचं असेल तर तेही तुझ्या हातातच आहे. इतर पोरं लाकडी नंदी ओढत येतील, तूही येशील. पण तू महादेव आहेस, म्हणजे ज्याच्या पाठीवर बसायचं त्यालाच दोरी बांधून चिखलातून ओढतोयस. चाक रुतलं की थांब, नंदीकडे बघ, आणि कपाळावरचा घाम पूस. एक शब्द बोलू नको. लोक हसतील, आणि आजी त्याच नंदीला ओवाळून तुला बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, देईल.

मोबाइलचं मात्र सांभाळ. झडतीचं कुंपण व्हिडिओत टिकत नाही. कोणीतरी मधले पंधरा सेकंद कापतो, शेवटचं नमन गळतं आणि उरतो नुसता रडणारा महादेव, अनोळखी लोकांच्या ग्रुपवर. वाद बहुतेक तिथून पेटतो, मंडपात नाही. कायदाही आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, आधीचं २९५-अ. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद. पोळ्याच्या झडतीत असा हेतू कुठून येणार, पण पोलीस ठाण्यात बसून ते समजावत राहणं आजोबांच्या नशिबी कशाला? म्हणून चित्रण करायचं तर पहिल्या ओळीपासून "हर हर महादेव"पर्यंत सलग, आणि ते घरातल्याच मोबाइलवर.

आता इकडचं. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, मूळ याच देशातल्या जुन्या सणाचं. सोंगं घेतात ती भुतं, चेटकिणी, सांगाडे यांचीच जास्त. पाद्री आणि नन यांचे पोशाखही विकत मिळतात, आणि ते घालून हसणारे बहुतेक त्याच चर्चमध्ये वाढलेले असतात. इथल्या राज्यघटनेत देवनिंदा गुन्हा होता, २०१८ च्या सार्वमतात लोकांनी ती तरतूद काढून टाकली. त्यामुळे इथे कोणी महादेव होऊन फिरला तर त्याला शिक्षा नाही. पण नंदी कोण, हे माहीत नसलेल्या गर्दीत तो महादेव म्हणजे निळा रंग आणि प्लास्टिकचा साप, एवढंच उरतं. मला त्याचा राग येत नाही, पण हसूही येत नाही. आपण इथे दुसऱ्याचे देव अंगावर चढवायला गेलो तर आपलंही तेच होईल.

सरांना एवढं विचारून बघ: देवाचं सोंग चालेल, पण ज्याचा देव त्याच घरच्या पोराने घ्यायचं, आणि संवाद आदल्या दिवशी त्यांना ऐकवायचा, असं ठेवता येईल का? नाही म्हणाले तर ऐक, आणि महादेवाऐवजी गुराखी हो. वाख डोक्याला बांधण्याऐवजी कमरेला बांधता येईल, काठी तीच.

झडती लिहून झाली की आधी आजीला म्हणून दाखव. ती ज्या ओळीला हसली नाही ती काढ. आणि नंदीची चाकं आत्ताच बघून ठेव. मागच्या डाव्या चाकाचा खिळा सैल झाला असेल तर आजोबांकडून लांब खिळा ठोकून घे, डोक्याखाली वायसर घालून, नाहीतर वेशीपर्यंतच लाकूड फाटेल.

तुझी आई