स्त्री आणि पुरुष यांच्या ऊर्जेत व स्वभावात खरोखर किती फरक असतो?
पुरुषांच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण सरासरीने अधिक असल्यामुळे विश्रांतीच्या अवस्थेतही ते अधिक उष्मांक खर्च करतात. स्नायूंचे वजन हिशेबात धरले की हा फरक बराच कमी होतो. स्वभावाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. व्यक्तिमत्त्व चाचण्यांमध्ये सौहार्द आणि चिंताशीलता यांत स्त्रियांची सरासरी काहीशी जास्त आढळते, परंतु दोन्ही गटांतील व्यक्तींचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की केवळ लिंगावरून एखाद्याचा स्वभाव ठरवणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ संशोधन-आढावे एकत्र तपासले, तेव्हा ७८ टक्के फरक अल्प किंवा नगण्य निघाले. चेंडू फेकण्याच्या वेगासारख्या शारीरिक बाबींत मात्र ते मोठे होते.