स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, हे अर्धंच खरं

दारव्ह्याच्या भाऊंचा प्रश्न असा: एजंट म्हणतो स्वालबार्डला (उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं) व्हिसाच लागत नाही, नुसतं तिकीट काढा. बाबांना (वय ६७) घेऊन डिसेंबरात आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश पाहायला जायचंय, जमेल का?

भाऊ, एजंट खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला कोणत्याच देशाच्या माणसाला व्हिसा लागत नाही. पण तिथं जाणारं नेहमीचं प्रवासी विमान सुटतं ओस्लो नाहीतर ट्रोम्सोहून, म्हणजे मुख्य नॉर्वेतून. तिथं शिरायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) हवाच. आणि गोम पुढंच आहे. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. तिकडच्या विमानात बसलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, परतताना पुन्हा आत शिरायचं. व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तर तो जातानाच संपला. म्हणून अर्ज भरतानाच दोन किंवा जास्त प्रवेश मागा. मागाहून दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

मी मार्चात गेलो होतो. वणीहून नागपूर, तिथून मुंबई, मग एक विमान बदलून ओस्लो, ओस्लोहून ट्रोम्सो. इथवर सगळं घड्याळाप्रमाणं. पुढं लाँगइयरब्येनवर (स्वालबार्डचं मुख्य गाव) दोन घिरट्या घातल्या, ढगात धावपट्टी दिसेना, विमान सरळ माघारी ट्रोम्सोला. दुसऱ्या दिवशी पोचलो. तिकडच्या मुक्कामाचे एका रात्रीचे पैसे बुडाले ते बुडालेच. त्यामुळे जाताना एक नि येताना एक दिवस मोकळा ठेवा, आणि सगळी विमानं एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली की एक हुकलं म्हणजे पुढची सगळी गेली.

तो विमानतळही पाहण्यासारखा आहे. १९७५ चा, ७८ अंश उत्तरेला, बारमाही गोठलेल्या जमिनीवर बांधलेला. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, पट्टी कुठं कुठं खचते, की लागले डागडुजीला. आपल्या काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला ही कटकट समजावून सांगायला नको. गावही कोळशाच्या खाणीवर वसलेलं. खाणीची धूळ आत येऊ नये म्हणून जोडे दारात काढायची रीत पडली, ती अजून हॉटेलात पाळतात. आमच्या वणीलाही कोळशाच्या खाणी, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं बघा.

आता बाबांचं. ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही. डिसेंबरात भर दुपारी बाराला अंधार, त्यामुळे ध्रुवीय प्रकाश कधीकधी दुपारीही दिसतो, हे खरं. पण आपल्या मेच्या उन्हात वावरात राहिलेल्या माणसाला चार दिवस नुसता काळोख सोसवेल का, ते तुम्हीच पाहा. दवाखाना लहान आहे, गंभीर पेशंटला विमानानं ट्रोम्सोला नेतात. विम्यात हा खर्च धरलाय की नाही, ते कागदावर वाचून घ्या.

माझं मत विचाराल तर नुसता प्रकाशच पाहायचा असेल तर ट्रोम्सोलाच मुक्काम करा. ते ध्रुवीय प्रकाश दिसतो त्या पट्ट्याखालीच येतं, मोठं शहर, मोठं इस्पितळ, आणि दुसऱ्या प्रवेशाचा प्रश्नच नाही. स्वालबार्ड मार्चात करा, तेव्हा सूर्य परतलेला असतो नि बर्फही भरपूर. गावाबाहेर मात्र अस्वलांमुळे बंदूकवाल्या गाइडशिवाय पाऊल टाकायचं नाही.

कपड्यांवर नागपुरात लाखभर उधळू नका, सहलीवाले बहुतेक वरचा जाड सूट देतात. आत लोकरीचे दोन थर घाला. शेंगदाण्याची चटणी बांधा, तुपाचा डबा मात्र घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ युरोपाबाहेरून नॉर्वेत नेता येत नाहीत.

आणि एजंटाला एवढंच विचारा, "परतीला नॉर्वेत कोणत्या व्हिसावर शिरायचं?" काय म्हणतो ते इथं टाका.