वाचक विचारतात : टोस्टरला ब्रेड दिसत नाही

या खेपेची सगळी पत्रं एकाच यंत्राबद्दल आहेत. ठाण्यापासून घणसोलीपर्यंत तक्रार तीच : दिसायला इतकं साधं, मग धड चालत का नाही?

प्रश्न : सहा वर्षांत तीन टोस्टर झाले. प्रत्येकाची तीच तऱ्हा, स्लाइसची एक बाजू करपते आणि दुसरी पांढरी राहते. दुकानात सगळे सारखेच दिसतात, किमतीतही एकोणीस-वीसचा फरक. घेताना नेमकं बघायचं काय? शक्य असल्यास एखाद्या कंपनीचं नाव सांगा.
— नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी एक शक्यता निकालात काढा. काही टोस्टरांवर 'बन' किंवा 'वन साइड' असं बटण असतं. कापलेल्या बनची आतली बाजूच भाजावी म्हणून ते दिलेलं असतं. ते चुकून दाबलं गेलं की एक बाजू पांढरी राहते, आणि बिघाड समजून लोक टोस्टर माळ्यावर टाकतात.

बटणाचा दोष नसेल तर जाळी तपासा. प्रत्येक फटीच्या दोन्ही अंगांना अभ्रकाचे पातळ पत्रे असतात आणि त्यांवर नायक्रोमची (वीज गेली की लालभडक तापणाऱ्या मिश्रधातूची) चपटी तार गुंडाळलेली असते. ही तार आणि ब्रेड यांच्यामध्ये जाळी असते. लिव्हर दाबली की दोन्हीकडच्या जाळ्या आत सरकून स्लाइसला बरोबर मध्ये धरतात, निदान धरायला हव्यात. बऱ्याच टोस्टरांत एकच जाळी हलते, किंवा स्प्रिंग इतकी ढिली असते की स्लाइस एका अंगाला कलते. मग तारेपासूनचं अंतर एकीकडे अर्धा सेंटिमीटर आणि दुसरीकडे दीड. अशी स्लाइस सारखी भाजली जाणं शक्यच नाही, डायल कितीही फिरवा.

म्हणून दुकानात जाताना रोजच्या ब्रेडच्या दोन स्लाइस डब्यात घालून न्या. लोक हसतील, हसू द्या. साधी स्लाइस दहा-अकरा सेंटिमीटरची असते, जंबो सँडविच ब्रेडची त्याहून बरीच मोठी. स्लाइस फटीत सोडून लिव्हर हाताने खाली धरा (प्लग लावलेला नसेल तर ती आपणहून अडकणार नाही) आणि वरून बघा. दोन्ही जाळ्या आत आल्या पाहिजेत आणि स्लाइस उभी राहिली पाहिजे. स्लाइसचा वरचा काठ फटीबाहेर डोकावत असेल तर तेवढी पट्टी कायम कच्ची राहणार.

मग प्लग लावून रिकामाच मिनिटभर चालवायला सांगा. गोखले रोडवर असो की वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, या मिनिटाला नाही म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका. अर्ध्या मिनिटात तारा लाल होतात. चेहरा लांब ठेवून चारही बाजू बघा. एखादा वेढा काळाच राहिला किंवा एक पत्रा दुसऱ्यापेक्षा ठळक मंद दिसला, तर तो नग परत. खालच्या भागात वेढे जरा दाट दिसले तर तो दोष समजू नका. गरम हवा वर जाते, म्हणून बहुतेक ठिकाणी तार मुद्दाम तशीच गुंडाळतात.

आणखी दोन गोष्टी. टोस्ट वर आल्यावर लिव्हर आणखी थोडी उचलता येते का ते बघा. ती सोय नसली की छोटी स्लाइस आतच राहते आणि घरातलं कुणीतरी सुरी घालून काढायला जातं. दुसरं, चुऱ्याचा ट्रे बाहेर ओढता येणारा हवा. ऑनलाइन मागवला असेल तर हीच परीक्षा आल्या दिवशी घ्या : दोन्ही फटींत ब्रेड घालून एक घाणा काढा, स्लाइसच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि परत करायची मुदत टळू देऊ नका.

कंपनीचं नाव सांगत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या जाळ्या वेगळ्या असतात, तिथे नावाने काय होणार!

प्रश्न : तीनवर ठेवला की पहिला टोस्ट छान. दुसरा काळपट, तिसरा कोळसा. सासूबाई म्हणतात जुना टोस्टर बरा होता, त्यात उलट व्हायचं. असं का?
— नेरुळ

उत्तर : सासूबाईंचं निरीक्षण अचूक आहे.

टोस्टरला ब्रेड दिसत नाही. तो फक्त वेळ मोजतो. आजच्या बहुतेक टोस्टरांत इलेक्ट्रॉनिक टायमर असतो आणि डायलवरचा आकडा म्हणजे तो किती वेळ चालणार याची खूण. ती मिनिटं नव्हेत. पहिल्या घाण्याला आतला पत्रा आणि जाळ्या थंड असतात, त्यामुळे बरीचशी उष्णता त्या तापवण्यातच जाते. दुसऱ्या घाण्याला सगळं आधीच तापलेलं, पण टायमर तेवढाच वेळ चालतो, म्हणून टोस्ट करपतो. जुन्या टोस्टरांत दोन धातूंची जोडपट्टी असायची. ती तापून वाकली की टोस्ट वर यायचा. दुसऱ्या घाण्याला ही पट्टी आधीच गरम, म्हणून ती लवकर वाकायची आणि टोस्ट फिका राहायचा.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते मोबाइलच्या घड्याळाने कळेल. थंड टोस्टर तीनवर ठेवून एक घाणा काढा, सेकंद लिहून ठेवा आणि लगेच दुसरा घाला. दोन्ही वेळा जवळपास सारख्या आल्या तर इलेक्ट्रॉनिक. मग दुसऱ्या घाण्याला डायल अर्धा ते एक घर मागे घ्या आणि पुढचे घाणे तिथेच ठेवा. दुसरी वेळ बरीच कमी आली तर जोडपट्टी समजा आणि डायल पुढे न्या.

ब्रेडही बदलत असतो. स्लाइसमधलं पाणी उडेपर्यंत तिचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या फार वर चढत नाही आणि खमंग तांबूस रंग साधारण १४० अंशांच्या पुढे धरतो. म्हणून ताजा ब्रेड जास्त वेळ घेतो, कालचा कमी. साखर आणि दूध असलेला मिल्क ब्रेड झटकन रंगतो. ब्राऊन ब्रेडच्या पाकिटावर १५०ए किंवा कॅरॅमल कलर लिहिलेलं आढळलं तर तो रंग मुळातलाच, भाजल्याचा नव्हे. तिथे रंगावर न जाता कडकपणा बघा.

ब्रेडकडे 'बघणारा' टोस्टर निघाला होता. अमेरिकेतल्या सनबीम कंपनीने १९४९ मध्ये बाजारात आणला. त्याला लिव्हर नव्हती. स्लाइस ठेवली की तिच्या वजनाने यंत्र सुरू होऊन ती आपोआप खाली जायची आणि तिच्या पृष्ठभागाची उष्णता जोखून परत वर यायची. तो कधीच बंद झाला आणि आपण आकडेच फिरवत बसलो.

प्रश्न : लादीपाव टोस्टरमध्ये घालता येतो का? मस्का लावून?
— कोपरखैरणे

उत्तर : नाही आणि नाही. अख्खा पाव फटीत जात नाही. अर्धा केलेला जातो, पण मऊ असल्यामुळे जाळीत दबतो, फुगतो आणि टोस्ट वर यायच्या वेळी अडकतो. लोणी तर टोस्टरमध्ये मुळीच नको. वितळून तारेवर ठिबकतं, धूर होतो, पेटही घेतं.

पावाला तवाच हवा. पाव आडवा कापून पूर्ण उघडा. मध्यम आचेवर तवा तापू द्या, एका पावाला अर्धा चमचा लोणी घाला आणि ते फेसाळलं की कापलेली बाजू खाली करून पाव ठेवा. वर सपाट बुडाची वाटी हलक्या हाताने दाबा. पाऊण ते एक मिनिट पुरे. झाकण ठेवू नका, वाफेने पाव चिवट होतो. ब्रून मस्क्यासाठी ब्रून (कडक कवचाचा पाव) आधी कोरडाच गरम करा आणि लोणी नंतर लावा.

सँडविचवाल्याकडचा लांब दांड्यांचा ॲल्युमिनियमचा टोस्टर गॅसवर धरायचा असतो. त्याला आतून लोणी लावलेलं चालतं, कारण त्यात तार नसते.

प्रश्न : पावसाळ्यात ब्रेड दोन दिवसांत बुरशी धरतो. फ्रीजमध्ये ठेवला तर टोस्ट चामड्यासारखा होतो.
— कळवा

उत्तर : फ्रीजच्या थंडाव्यात ब्रेडमधला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. दोन दिवसांत संपेल एवढाच ब्रेड बाहेर ठेवा, उरलेला आणल्या दिवशीच फ्रीजरमध्ये. चार-चार स्लाइस पिशवीत घालून हवा काढून बांधा. गोठलेली स्लाइस थेट टोस्टरमध्ये घालायची, आधी बाहेर काढून ठेवली की तिला पाणी सुटतं. 'डीफ्रॉस्ट' बटण फक्त वेळ वाढवतं. ते नसेल तर डायल एक घर पुढे घ्या.

प्रश्न : लिव्हर खालीच राहत नाही. दाबली की वर. दुरुस्तीवाला म्हणतो, नवीन घ्या. शिवाय परवा आतून झुरळ निघालं!
— घणसोली

उत्तर : लिव्हरला खाली धरून ठेवणारा चुंबक विजेवर चालतो. वीज नसेल तर ती राहणारच नाही. म्हणून पहिलं काम सॉकेट तपासणं. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा.

वीज येत असेल तर चुऱ्यावर संशय घ्या. लिव्हरबरोबर एक छोटी लोखंडी पट्टी खाली येऊन चुंबकाला टेकते. मध्ये ब्रेडचा कण अडकला की ती टेकत नाही. प्लग काढा. निव्वळ बटण बंद करून भागत नाही. अर्धा तास थंड होऊ द्या. ट्रे काढून झटका, मग वर्तमानपत्रावर टोस्टर उलटा धरून बाजूंवर थापटा. लिव्हर आठ-दहा वेळा खाली-वर करा आणि पुन्हा थापटा. कोपऱ्यात रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश फिरवा. पाणी, ओलं फडकं, तारेची घासणी, सुरी यांपैकी काहीही आत जाता कामा नये. अभ्रकाचा पत्रा नखाएवढ्या धक्क्यानेही तडकतो.

एवढं करूनही लिव्हर राहत नसेल तर आतले संपर्कबिंदू जळालेत किंवा सर्किट गेलंय. संपर्कबिंदू चांगला कारागीर घासून देतो. अभ्रकाचा पत्रा तुटला असेल तर मात्र दुरुस्तीवाल्याचं बरोबर आहे, सुटा पत्रा सहसा मिळत नाही. वॉरंटी चालू असेल तर तळाचे स्क्रू स्वतः उघडू नका. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

झुरळं चुऱ्यासाठी आणि उबेसाठी येतात. टोस्टरमध्ये फवारा मारू नका. तो पेट घेणारा असतो आणि पुढच्या टोस्टला लागतो तो वेगळाच. ओट्यामागच्या फटीत, सिंकखाली झुरळांच्या जेलचे ठिपके द्या. ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करा आणि टोस्टर पूर्ण थंड झाल्यावरच त्यावर कव्हर घाला.

प्रश्न : टोस्टरने बिल किती वाढतं? मिक्सरच्याच बोर्डला लावला तर चालेल?
— वाशी

उत्तर : ८०० वॉटचा टोस्टर तीन मिनिटांचा घाणा काढतो असं धरलं तर एका युनिटात पंचवीस घाणे निघतात. बिलाची काळजी सोडा. तो साडेतीन अँपिअर ओढतो, म्हणून सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला चालतो. पण ७५० वॉटचा मिक्सर त्याच मल्टीप्लगवर एकाच वेळी चालवलात तर बेरीज सहाच्या वर जाते. आळीपाळीने चालवा. वर कपाट किंवा पडदा असेल तर टोस्टर त्याखाली ठेवू नका.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून येतोय. तिथला भारी टोस्टर आणतो म्हणतो. पिन बदलून इथे चालेल ना?
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : चालणार नाही, आजच फोन करून सांगा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथे ९०० वॉट घेणाऱ्या टोस्टरच्या तारेचा रोध १६ ओहम येतो. तीच तार इथे १४ अँपिअरच्या वर प्रवाह ओढेल, म्हणजे सुमारे ३,३०० वॉट. १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असला तर तो पडणारही नाही आणि तार काही क्षणांत जळून जाईल. ट्रॅव्हल ॲडॉप्टर पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो हजार वॉटच्या वरचा लागेल, काही किलो भरेल आणि ओट्यावरची टोस्टरएवढीच जागा खाईल.

इंग्लंडहून येणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथलं व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. तीन पिनी प्लग बदलून घेतला की झालं : तपकिरी वायर फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. अर्थिंग तोडून दोन पिनी प्लग लावू नका, विशेषतः धातूच्या टोस्टरला.

मुलाला काही आणायचंच असेल तर करवती धारेची चांगली ब्रेडची सुरी आणू दे. तिला व्होल्टेज लागत नाही.